गुरुवारी लाइट गेली की सेटटॉप बॉक्सची स्क्रीन काळी: एकाच मॉनिटरला डिश, पीसी आणि पीएस४ जोडताना परत परत येणारा प्रॉब्लेम

चिंचवडला आत्याकडे टीव्ही गेला तेव्हा नवीन घेण्याऐवजी नातवाच्या खोलीतला २४ इंची मॉनिटर हॉलमध्ये आणला. मॉनिटरला मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए, बस. मग तीन इनपुट एक आउटपुटवाला छोटा एचडीएमआय स्विच आणला आणि त्यात पीसी, नातवाचा गेमचा डबा म्हणजे पीएस४ आणि डिशचा सेटटॉप बॉक्स असं तिन्ही जोडलं. पहिले पाच-सहा दिवस एकदम मस्त चाललं. नंतर एका संध्याकाळी सिरीयलच्या वेळेला बॉक्सवर गेलं की स्क्रीन काळी, मध्ये छोटीशी पाटी "इनपुट नॉट सपोर्टेड", पीसी मात्र व्यवस्थित, गेम पण व्यवस्थित.

कंपनीचा माणूस आला, बॉक्स बदलून गेला, चालू झालं. आठवड्याने परत तेच. दुसऱ्या वेळी त्याने केबल बदलली, चालू झालं, परत आठवड्याने तेच. आत्याचा फोन, "अरे, परत काळं पडलं बघ, त्या गेमच्या डब्यामुळेच होतंय सगळं, काढून टाकू का तो?" नातू शेजारून ओरडतोय की आजी गेमला हात लावू नको. मी म्हटलं आत्या, काहीच काढू नका, रविवारी येतो.

जाऊन बसलो आणि आधी विचारलं की नेमकं कधी बिघडतं. तिने पटकन सांगितलं, "गुरुवारीच रे, दर गुरुवारी." पुण्या-चिंचवडकडच्या लोकांना लगेच कळलं असेल, गुरुवार म्हणजे मेंटेनन्सची लाइट जायचा दिवस. आणि खरंच सगळी मेख तिथेच होती.

होतं काय ते नीट सांगतो, कारण हे कळलं की अर्धे प्रॉब्लेम आपोआप सुटतात. एचडीएमआयच्या केबलमधून फक्त चित्र आणि आवाज जात नाही. १९ पिना असतात, त्यातल्या १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती समोरच्याला देतो, मला अमुक रिझोल्यूशन चालतं, अमुक हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलायचं) चालतं, आवाज असा चालतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. १९ नंबरच्या पिनेवरून "मी जोडलेला आहे" हा निरोप जातो आणि १८ नंबरवर बॉक्सकडून ५ व्होल्ट येतात. सेटटॉप बॉक्सचं व्हिडिओ सेटिंग "ऑटो" वर असेल तर तो चालू होताना ही माहिती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र सोडतो.

आता गुरुवारी लाइट गेली, दुपारी परत आली. बॉक्स आपोआप चालू होतो कारण त्याचं बटण बोर्डवर चालूच आहे. पण मॉनिटर बंद आहे किंवा स्विच पीसीवर आहे, म्हणजे बॉक्सने विचारलं तर उत्तर द्यायला पलीकडे कोणीच नाही. मग तो आपल्या मनाने ठरवतो आणि फॅक्टरीतून आलेलं १०८०आय, ५० हर्ट्झ सोडायला लागतो. आपल्याकडे टीव्हीचं सगळं गणित पहिल्यापासून ५० हर्ट्झवर आहे म्हणून ५०. टीव्हीला हे चालतं कारण टीव्ही त्यासाठीच बनलेला असतो. कॉम्प्युटरचे बरेच मॉनिटर मात्र मुळात ६० हर्ट्झचे, आणि १०८०आय मधला तो "आय" म्हणजे इंटरलेस, एक आड एक ओळी पाठवायची पद्धत, ती पुष्कळ मॉनिटरना झेपत नाही. मग तो पाटी दाखवतो आणि गप्प बसतो. कंपनीचा माणूस येऊन प्लग काढून घालत होता तेव्हा मॉनिटर चालू असायचा, स्विच बॉक्सवर असायचा, माहिती नीट वाचली जायची आणि चित्र यायचं. बॉक्स बदलल्याने किंवा केबल बदलल्याने काही झालंच नव्हतं, फक्त रीस्टार्ट झाला होता.

उपाय एका मिनिटाचा आहे. बॉक्सच्या मेन्यूत सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ रिझोल्यूशन "ऑटो" वरून काढा आणि हाताने ७२०पी वर ठेवा. पी म्हणजे पूर्ण ओळी एकदम, त्यामुळे मॉनिटरची निम्मी तक्रार जाते. ७२०पी, ५० हर्ट्झ पण घेत नसेल तर ५७६पी करून बघा, चित्र थोडं मऊ दिसेल पण दिसेल. ७२०पी ला सिरीयल आणि बातम्या बघताना २४ इंचावर १०८०आयच्या तुलनेत मला तरी फरक जाणवला नाही, त्यामुळे यात काही गमावतोय असं वाटून घेऊ नका.

पण स्क्रीनच काळी असताना मेन्यूत जायचं कसं, हा पुढचा प्रश्न. बहुतेक बॉक्सना मागे एव्ही आउट असतं आणि एचडीएमआय चालू असतानाही त्यातून चित्र येत राहतं. घरात जुना डबा टीव्ही असेल तर त्याला लावा, नाहीतर सरळ बॉक्स आणि रिमोट घेऊन शेजारी जा आणि त्यांच्या टीव्हीला एचडीएमआय लावून सेटिंग बदलून या, मेन्यू उघडायला छत्रीची वायर लागत नाही. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो, चहा झाला आणि काम पण झालं.

याच एव्ही केबलचा एक वेगळा घोळ आहे तो इथेच सांगून टाकतो कारण त्यात लोकांचे तासन् तास गेलेले मी बघितलेत. नवीन छोट्या बॉक्सना लाल-पांढरी-पिवळी तीन भोकं नसतात, एकच ३.५ एमएमचं हेडफोनसारखं भोक असतं आणि त्यातून तीन पिनांची केबल निघते. ती केबल हरवली की आपण दुकानातून तशीच दिसणारी आणतो. दिसायला सेम, पण आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. ती पिन हातात धरून नीट बघा, टोकापासून बुडापर्यंत तीन काळ्या रिंगा आणि त्यांनी पाडलेले चार सोनेरी भाग दिसतील. त्या चार भागांवर डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि ग्राउंड असतं आणि कोणता भाग कशाला हेच बदलतं. नुसतं चित्र आणि आवाज यांची अदलाबदल असेल तर सोपं आहे, टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल पिन लावून बघा, नाही आलं तर पांढरी लावून बघा, चित्र आलं तर आवाजाची पिन उरलेल्यातून शोधा. पण ग्राउंडच दुसऱ्या जागी असेल तर चित्र फिकट, वर-खाली पळणारं आणि स्पीकरमधून घर्रर्र आवाज, मग कितीही अदलाबदल करा जमणार नाही, त्या बॉक्सचीच केबल मागवा. मल्टिमीटर असेल तर बझरवर ठेवून पिवळ्या पिनेचं बाहेरचं कडं त्या चारपैकी कोणत्या भागाला वाजतं ते बघा, चालणारी केबल आणि नवीन केबल शेजारी ठेवून तपासल्या की दोन मिनिटांत कळतं.

बरं, आत्याकडे ७२०पी केलं आणि पुढचा गुरुवार शांत गेला. पण शुक्रवारी परत फोन. या वेळी पाटी वेगळी होती, "नो सिग्नल", आणि हे गेम खेळून झाल्यावर व्हायचं. म्हणून सांगतो, पाटीवर काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. "इनपुट नॉट सपोर्टेड" किंवा "आउट ऑफ रेंज" म्हणजे सिग्नल येतोय पण मॉनिटरला पचत नाही. "नो सिग्नल" म्हणजे मॉनिटरपर्यंत काही पोचतच नाहीये. आणि एचडीसीपीचं नाव असलेली पाटी आली तर ती तिसरीच भानगड, ती पुढे सांगतो. तिन्हीला आपण "काळं पडलं" म्हणतो आणि तिन्हीचं औषध वेगळं आहे.

नो सिग्नलचं कारण निघालं स्विच. हे छोटे स्विच बहुतेक ऑटो असतात, जे नवीन चालू होईल तिकडे उडी मारतात, आणि त्यांना वेगळा अडॅप्टर नसतो, जोडलेल्या यंत्रांच्या त्या १८ नंबरच्या पिनेतल्या ५ व्होल्टवरच ते जगतात. त्या पिनेतून किमान ५५ मिलिअँपिअर मिळतील एवढीच हमी असते, म्हणजे काहीच नाही. दुसरी गोष्ट, रिमोटने सेटटॉप बॉक्स बंद केला तरी तो खरा बंद होत नाही, स्टँडबायमध्ये जातो, आणि पुष्कळ बॉक्स स्टँडबायमध्ये ते ५ व्होल्ट चालूच ठेवतात. स्विचला वाटतं बॉक्स चालू आहे. पीएस४ रेस्ट मोडला टाकला की तोही तसाच. मग स्विच नको तिथे अडकून बसतो किंवा दोघांमध्ये हेलकावे खातो. त्या स्विचला बाजूला छोटं ५ व्होल्टचं भोक होतं, ज्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. जुन्या मोबाइलचा चार्जर लावला आणि प्रॉब्लेम गायब. नवीन स्विच घेणार असाल तर असं पॉवरचं भोक असलेलाच घ्या आणि ऑटो बंद करून हाताने बदलायची सोय आहे का तेही बघा.

हेच स्विचचं काम कधी कधी सीईसीमुळे बिघडतं. १३ नंबरच्या पिनेवरून ही यंत्रं एकमेकांना "चालू हो, माझ्याकडे वळ" असं सांगू शकतात. मॉनिटरना बहुतेक हे नसतंच, पण तुमच्याकडे टीव्ही असेल आणि गेम चालू केला की सिरीयल जाऊन गेम येत असेल तर पीएस४ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम आणि तिथे "एनेबल एचडीएमआय डिव्हाइस लिंक" वरची खूण काढा. पीएस५ मध्ये हेच सिस्टमच्या आत एचडीएमआय मध्ये आहे. भांडणं थांबतात.

आता केबलबद्दल एक गोष्ट, कारण मला हमखास सांगितलं जातं की "केबल चांगली आहे, त्याच केबलवर डिश चालते." हे बरोबर नाही. १०८०आय आणि ७२०पी, ५० हर्ट्झ दोन्हीसाठी केबलमधून पिक्सेल ७४.२५ मेगाहर्ट्झने धावतात, आणि पीएस४ किंवा पीसी जेव्हा १०८०पी, ६० हर्ट्झ सोडतो तेव्हा तोच आकडा १४८.५ होतो, बरोब्बर दुप्पट. म्हणजे बॉक्सला पुरणारी बारीक, लांब, स्वस्तातली केबल गेमला दम तोडू शकते, मग चित्रात पांढरे-हिरवे ठिपके चमकतात किंवा दर थोड्या वेळाने सेकंदभर स्क्रीन जाते आणि येते. तसं दिसलं तर छोटी केबल लावून बघा, आणि स्विचच्या अलीकडची अन् पलीकडची मिळून एकूण लांबी किती होते तेही बघा.

एचडीसीपीचं आता. ही कॉपी होऊ नये म्हणून इंटेलने काढलेली पद्धत आहे, बॉक्स आणि स्क्रीन चित्र सोडण्याआधी एकमेकांची ओळख पटवतात आणि ओळख नाही पटली की चित्र नाही. फार जुने डीव्हीआयवाले मॉनिटर, एचडीएमआयचं व्हीजीए करणारे छोटे कन्व्हर्टर आणि बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यूएसबी कॅप्चर कार्ड, या तीन ठिकाणी हे जास्त आडवं येतं. ओळखायची खूण म्हणजे पीसीचा डेस्कटॉप त्याच तारेवर एकदम छान दिसतो, कारण नुसत्या डेस्कटॉपला एचडीसीपी लागत नाही, आणि पीएस४ किंवा बॉक्स लावला की काळं. पीएस४ ला सेटिंग्ज, सिस्टम, "एनेबल एचडीसीपी" वरची खूण काढता येते, गेम दिसायला लागतो, फक्त मग नेटफ्लिक्ससारखी व्हिडिओची ॲप तेवढी चालणार नाहीत. डिशच्या बॉक्सला असं बटण नसतं. जुना मॉनिटर असेल तर त्यावर एचडी बॉक्स एचडीएमआयने चालवायचा नाद सोडा आणि एव्ही आउटमधून एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर लावा, त्याला यूएसबीची पॉवर द्यायला विसरू नका, ती न दिल्याने "कन्व्हर्टर खराब निघाला" म्हणून परत केलेले मी पाहिलेत. त्याचा एक फायदा असा की यातले बरेचसे कन्व्हर्टर पुढे ६० हर्ट्झ सोडतात, म्हणजे ५० हर्ट्झ अजिबात न घेणाऱ्या हट्टी मॉनिटरवरही चित्र येतं. एचडी राहणार नाही हे मान्य, पण रोज दिसेल.

आणि लॅपटॉप. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, कारण लोक यासाठी महागडी केबल आणतात. जवळजवळ सगळ्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट हे फक्त बाहेर जाणारं असतं. डिशच्या बॉक्सचं पण बाहेर जाणारं. पीएस४, पीएस५ आणि पीसीच्या ग्राफिक्स कार्डचं पण बाहेर जाणारंच. दोन नळ तोंडाला तोंड लावून पाणी कुठे जाणार? लॅपटॉपवर डिश बघायची तर मध्ये कॅप्चर कार्ड लागतं आणि तिथे एचडीसीपी अडवतं, म्हणून एव्हीवालं यूएसबी कार्ड घेतलेलं बरं. कन्सोलमध्ये एचडीएमआय इन खरोखर होतं ते २०१३ साली आलेल्या एक्सबॉक्स वनला आणि त्याच्या एस आणि एक्स या भावंडांना, डिशचा बॉक्स त्यात घालून पुढे टीव्हीला जायचं. पुढच्या सिरीज एस आणि सिरीज एक्समधून ते काढून टाकलं. जुना एक्सबॉक्स वन वापरून डिश बघणाऱ्यांना क्रिकेटमध्ये चेंडू झटके खात जातोय असं दिसत असेल तर तेही ५० आणि ६० चंच भांडण आहे, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झला परवानगी द्यायचा पर्याय आहे तो चालू करा.

छत्रीची वायर थेट कॉम्प्युटरला लावायची असेल तर डीव्हीबी-एस२ चं, म्हणजे छत्रीचा सिग्नल घेणारं कार्ड लागतं, आणि पैसे भरायच्या डिशचे चॅनल त्यावर उघडणार नाहीत कारण त्यांचं कुलूप त्या त्या कंपनीच्या बॉक्समध्येच उघडतं. डीडी फ्री डिशचे खुले चॅनल मात्र दिसतात, छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे असली की झालं. यात चूक होते ती अशी, लोक केबलवाल्याकडचा साधा स्प्लिटर आणून एकाच वायरीतून बॉक्स आणि कार्ड दोन्ही चालवायला जातात. बॉक्स त्या वायरीतून एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, १३ ला उभे सिग्नल, १८ ला आडवे. दोघांनी वेगवेगळं मागितलं की एकाचे निम्मे चॅनल गायब. हा "कधी दिसतात कधी नाही" प्रकार हवामानाचा नसतो. दोन तोंडाची एलएनबी लावा, दोन वायरी खाली आणा. आणि वायर काढण्या-घालण्याआधी बॉक्सचा प्लग काढा, कारण वायरीच्या टोकाच्या स्क्रूसारख्या एफ कनेक्टरमधल्या जाळीचा एक केसाएवढा तार मधल्या तांब्याला चिकटला तरी शॉर्ट होतं आणि बॉक्स सिग्नल नाही म्हणून बसतो. कनेक्टर उघडून तो केस शोधून कापा.

आवाजाचं पटकन: चित्र आहे आणि मॉनिटरच्या हेडफोन भोकातून आवाज नाही तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी असेल ते काढून स्टिरिओ किंवा पीसीएम करा. मॉनिटरला डॉल्बी उलगडता येत नाही.

शेवटची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण यात पोर्ट जळतात. आत्याकडे बॉक्सच्या मागच्या स्क्रूसारख्या कनेक्टरला टेस्टर लावला तर आतला दिवा मंद नारिंगी पेटला. बॉक्सचा प्लग काढला तरी पेटलेलाच. मग एचडीएमआय काढली, विझला. म्हणजे करंट येत होता तो पीसीकडून. डेस्कटॉपच्या सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला एक एक छोटा कपॅसिटर असतो, अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते, नसेल तर पीसीची बॉडी २३० च्या अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहते. हात लावला की मुंग्या येतात ते हेच. त्या एक्स्टेन्शन बोर्डची तीन पिनांची टोपी कोणीतरी दोन पिनांच्या प्लगने बदलली होती. अशा वेळी सगळं चालू असताना एचडीएमआय खुपसली आणि धातूच्या कड्याआधी आतली एखादी पिन टेकली तर बारीक ठिणगी पडते आणि पोर्ट मरतं, बॉक्सचं नाहीतर कन्सोलचं, आणि चित्रावर हळूहळू वर सरकणारा आडवा पट्टा किंवा स्पीकरमधली घुमघुम असेल तर ती पण इथूनच आलेली असू शकते. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का तपासून घ्या, सगळी यंत्रं एकाच तीन पिनांच्या बोर्डवर घ्या, आणि एचडीएमआय काढता-घालताना त्या बोर्डचं बटण बंद करा, दरवेळी.

आत्याने बोर्डला कागदाची पट्टी चिकटवलीय, तिच्याच अक्षरात, "आधी मॉनिटर, मग स्विच, मग डिश". लाइट आली की ती त्याच क्रमाने बटणं लावते. आणि वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की बॉक्सचा प्लग काढून छत्रीची वायर फिरवून सोडवते आणि खिडकीशी ठेवते. नातू पीएस४ ची एचडीएमआय काढतो, दोघं मिळून.